डाव्या हाताचा खेळ

आम्हा इंदूरकर मराठी मंडळींच्या बोलण्यात हिंदी किती बेमालूम मिसळून गेली आहे, हे पुण्या-मुंबईकडचे पाहुणे घरी आले म्हणजे ध्यानात येते. एखादे काम अगदी सोपे आहे, असे सांगायचे झाले तर तिकडचे आप्त 'तो तर हातचा मळ' असे म्हणतात. आम्ही मात्र शेजारपाजारच्यांचे ऐकून 'डाव्या हाताचा खेळ आहे' असे म्हणून मोकळे होतो. मराठीत एम. ए. केलेल्या माणसाने असे बोलू नये, असा आमच्या भावजयींचा लाडका आक्षेप आहे. पण चार-पाच पिढ्या माळव्यात काढल्यावर एवढी सूट मिळायला हरकत नसावी. गेल्या दिवाळीत मात्र हा वाक्प्रचार आमच्यावर चांगलाच उलटला.

धाकटे बंधू सहकुटुंब पुण्याहून आले होते. त्यांच्या अकरा वर्षांच्या चिरंजिवांनी कपड्यांच्या आधी आपले व्हिडिओ गेमचे यंत्र पिशवीत भरले होते. पाडव्याच्या दिवशी फराळाची ताटे उचलली जाताच त्याने ते बैठकीतील टीव्हीला जोडले आणि कंट्रोलर आमच्या हाती दिला. "काका, हा सगळ्यांत सोपा आहे. बाबांच्या लहानपणचा," तो म्हणाला. खेळ होता १९८५ सालचा 'सुपर मारिओ ब्रदर्स'. एक मिशीवाला बुटका नळकारागीर उजव्या दिशेने धावत सुटतो. वाटेत शत्रू येतात, खड्डे येतात. त्यांवरून उड्या मारीत त्याला पैलतीरी न्यायचे, एवढेच काम. आम्ही ते अंगावर घेतले आणि पहिल्याच मिनिटात, समोरून शांतपणे चालत आलेल्या एका तपकिरी प्राण्याला धडकून प्राणास मुकलो. दुसऱ्या खेपेस तसेच झाले. तिसऱ्या खेपेस तो प्राणी चुकवला आणि पुढे खड्ड्यात पडलो. उडी मारताना आपण कंट्रोलरसकट दोन्ही हात आणि खांदेही वर उचलतो आहोत, हे आम्हांला ठाऊक नव्हते. झोपाळ्यावर बसलेल्या मातोश्रींच्या हसण्यावरून ते कळले.

"काका, तुमचा डावा अंगठा हलतच नाही," पुतण्याने निदान केले.

ते खरेच होते. कंट्रोलरच्या डाव्या बाजूस अधिक चिन्हाच्या आकाराची एक कळ होती. नळकाराला चालविण्याचे सारे काम त्या कळीवर, म्हणजे डाव्या अंगठ्याकडे सोपविलेले. उजव्या अंगठ्याने फक्त उडी. पन्नाशी उलटेपर्यंत आम्ही आमच्या डाव्या अंगठ्याकडून पुस्तकाचे पान धरून ठेवण्यापलीकडे काही काम घेतले नव्हते. त्याने एका दिवसात घोडा कसा हाकावा?

"आणि तुझा?" आम्ही विचारले.

"माझा चांगला चालतो. मी डावरा आहे ना! मला उजवा शिकवावा लागला."

एवढे बोलून त्याने कंट्रोलर आमच्या हातून काढून घेतला. आम्ही मात्र तेथेच अडकलो. जे काम आपल्याला साधत नाही, त्याविषयी निदान वाचावे, ही मास्तरकीची जुनी खोड. सुटीचे उरलेले दिवस आम्ही या विषयाच्या वाचनात घालविले. आमची समजूत अशी होती की, आधी कोणी तरी खेळ कल्पितो आणि मग तो खेळता यावा म्हणून त्याला बटणे बसवितो. वाचता वाचता कळले की, पुष्कळदा गंगा उलटी वाहिली आहे. हाती काय दिले, त्यावरून हात काय करू लागला. आणि हात काय करू शकतो, त्यावरून खेळ जन्मास आला.

१९५८ सालच्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने पाहुण्यांच्या करमणुकीसाठी ऑसिलोस्कोपच्या वाटोळ्या पडद्यावर टेनिस मांडले. प्रत्येक खेळाडूच्या हाती एक पेटी. तिच्यावर फिरविण्याची एक मूठ आणि एक बटण. मुठीने चेंडूची दिशा ठरवावी, बटणाने फटका मारावा. पुढे १९६२ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील तरुणांनी 'स्पेसवॉर' हा दोन अंतराळयानांच्या झुंजीचा खेळ पीडीपी-१ या संगणकावर रचला, तेव्हा प्रथम संगणकाच्याच अंगावरचे खटके वापरले. हे खटके पडद्याच्या एका बाजूस होते. त्यामुळे दोघांपैकी एकाला पडदा नीट दिसे, दुसऱ्याला तिरपा. शिवाय दोघांचीही कोपरे दुखून येत. म्हणजे कौशल्य सारखे असले तरी जागेमुळेच एकाचे पारडे हलके होई. अखेर ॲलन कोटोक आणि बॉब सॉन्डर्स यांनी हातात धरता येतील अशा स्वतंत्र पेट्या तयार केल्या, तेव्हा कोठे सामना बरोबरीचा झाला. हा प्रसंग वाचून आम्ही पुढे गेलो. त्यातला 'जागेमुळे' हा शब्द मात्र मनात कोठे तरी रुतून बसला.

१९७२ साली आलेल्या 'पाँग'ला प्रत्येक खेळाडूसाठी एकच फिरती मूठ होती. ती फिरविली की पडद्यावरची पट्टी वर-खाली सरके. त्यामुळे खेळ तेवढाच झाला: वर आणि खाली. पण एका हाताने खेळता येई आणि आयुष्यात असले यंत्र न पाहिलेल्या माणसालाही ते क्षणात समजे. १९७९ च्या 'ॲस्टेरॉइड्स'ला पाच बटणे होती: डावीकडे वळण्याचे एक, उजवीकडे वळण्याचे एक, पुढे रेटण्याचे एक, गोळी झाडण्याचे एक आणि संकटकाळी अदृश्य होऊन भलतीकडे उगवण्याचे एक. साहजिकच खेळाडूची दहाही बोटे सारखी फुगडी खेळत. लगेच पुढल्या वर्षी, १९८० साली, जपानच्या तोरू इवातानी यांचा 'पॅक-मॅन' आला. त्याला बटण असे नव्हतेच. चार दिशांना कलणारी एक दांडी, बस्स. स्त्रियांनाही खेळावासा वाटेल असा खेळ त्यांना हवा होता, आणि तसा तो सर्वांना आवडला. बटणे किती, यावरून दाराशी कोण येणार आणि कोण परत फिरणार, तेही ठरत होते.

घरोघरी शिरलेला दांडीचा कंट्रोलर म्हणजे १९७७ सालच्या अटारीच्या यंत्राचा. चौकोनी काळी पेटी, मध्ये दांडी आणि डाव्या कोपऱ्यात एक लाल बटण. पेटी डाव्या हातात धरावी, डाव्या अंगठ्याने बटण दाबावे आणि उजव्या हाताने दांडी हलवावी, अशी तिची योजना. म्हणजे मुख्य काम उजव्याचे आणि डावा धरण्यापुरता. जगातल्या बहुतेक वस्तू अशाच असतात, म्हणून कोणाला त्यात काही वावगे वाटले नसावे.

ही मांडणी पुढे उलटली ती क्योटो शहरात, आणि तीही कोणा डावखुऱ्याच्या कळवळ्याने नव्हे, तर एका घडीच्या अडचणीमुळे! १८८९ साली पत्ते छापण्यासाठी स्थापन झालेल्या निन्टेन्डो कंपनीत गुनपेई योकोई नावाचे अभियंते होते. खिशात मावतील असे छोटे खेळ ते १९८० पासून काढीत होते. १९८२ साली त्यांनी 'डाँकी काँग' हा खेळ दोन पडद्यांच्या, डबीसारख्या मिटणाऱ्या यंत्रात बसविला. आता अशा डबीत उभी दांडी ठेवावी तर झाकण मिटणार नाही. म्हणून योकोई यांनी दांडी काढून टाकली आणि तिच्या जागी अधिक चिन्हाच्या आकाराची चपटी कळ बसविली. अंगठ्याला तिच्या चारही भुजा न पाहता जाणवतात. त्यामुळे डोळे पडद्यावरून हलवावे लागत नाहीत. हीच कळ १९८३ साली निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या घरगुती यंत्राच्या कंट्रोलरवर डाव्या बाजूस आली आणि दिशा दाखविण्याचे काम जगभरच्या मुलांच्या डाव्या अंगठ्याकडे कायमचे गेले. १९९० नंतर आपल्याकडच्या बाजारात जी स्वस्त यंत्रे आली, त्यांतली कित्येक या फॅमिकॉमच्याच नकला होत्या. तेव्हा आमच्या बंधूंच्या पिढीचा डावा अंगठाही योकोई यांच्याच शाळेत शिकला, असे म्हणावयास हरकत नाही.

आमचा नळकार या कळीचेच अपत्य. कळीला अंगठ्याने दाबले की ती 'हो' म्हणते, सोडले की 'नाही'. मधले काही तिला कळत नाही. म्हणून तो खेळ उड्यांचा झाला. पण त्यातही एक खुबी आहे, ती पुतण्याने आम्हांला दाखविली. उजवीकडे दोन बटणे शेजारी शेजारी असतात: एक पळण्याचे, एक उडीचे. अंगठ्याचे टोक पळण्याच्या बटणावर टेकवून ठेवायचे आणि त्याच अंगठ्याचे पेर उडीच्या बटणावर लवंडायचे. बटण जितका वेळ धरावे तितकी उडी उंच. एकाच अंगठ्यात धाव आणि उडी दोन्ही! कोठल्याही पुस्तकात न सांगता मुलांनी आपसूक शोधून काढलेली ही अंगठ्याची बैठक पाहून आम्हांला तबल्यावर पडणाऱ्या बोटांची आठवण झाली.

फॅमिकॉमच्या दुसऱ्या कंट्रोलरवर एक छोटा मायक्रोफोन होता. १९८६ सालच्या 'द लेजंड ऑफ झेल्डा' या खेळात लांब कानांचा एक शत्रू आहे. त्या मायक्रोफोनमध्ये ओरडले की तो मरे. अमेरिकेत गेलेल्या यंत्राच्या कंट्रोलरला मायक्रोफोन दिलेलाच नव्हता. तेथील मुलांना तोच शत्रू बाणाने मारावा लागे. शत्रू तोच, मूल तसेच. फक्त हातातली वस्तू बदलली, म्हणून एक ओरडून जिंकतो आणि दुसरा नेम धरून.

परीक्षकाच्या पेशामुळे आम्हांला विशेष मौज वाटली ती आणखी एका गोष्टीची. १९९४ साली निघालेल्या सोनीच्या प्लेस्टेशनच्या बटणांवर अक्षरे नसून आकृत्या होत्या. तेइयू गोतो या रचनाकाराच्या मनात वर्तुळ म्हणजे 'होय' आणि फुली म्हणजे 'नाही' असे होते. जपानमध्ये शिक्षक बरोबर उत्तरावर वर्तुळ काढतात, तेव्हा ते सरळच होते. पण अमेरिकेत आणि युरोपात गेल्यावर व्यवहार उलटला आणि फुलीचे बटण 'होय'चे झाले. पुढे २०२० साली नवे यंत्र आले, तेव्हा सगळीकडे एकच पद्धत असावी म्हणून जपानमध्येही फुलीलाच 'होय' केले गेले. ज्यांचा अंगठा पंचवीस वर्षे वर्तुळावर पडत आला, त्यांना एका दिवसात तो उचलून शेजारी ठेवावा लागला. चूक आणि बरोबर ही सुद्धा हाताची सवय असू शकते, हे उत्तरपत्रिकांवर आयुष्यभर फुल्या मारणाऱ्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

अधल्यामधल्याला जागा मिळाली ती १९९६ साली. निन्टेन्डोने त्या वर्षी आपल्या नव्या कंट्रोलरवर अंगठ्याने कोणत्याही दिशेस, हवी तितकीच कलविता येईल अशी लहान दांडी बसविली. त्याबरोबर आलेल्या खेळात आमचा तोच नळकार होता. पण आता दांडी पुरती कलवली तर तो धावे, थोडी कलवली तर चाले आणि अगदी हलकेच कलवली तर चवड्यांवर, चोरपावलांनी जाई. वाटेत एक हिंस्र वनस्पती झोपलेली असते. धावत गेले तर ती जागी होऊन चावते. चोरपावलांनी गेले तर झोपून राहते. केवळ कळ असलेल्या कंट्रोलरवर ही युक्ती कोणाला सुचली नसती. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली, ती तीसएक वर्षे टिकली. पेटीच्या पट्ट्या स्वर तोडून देतात, त्यांत मींड नाही, हा त्यामागचा एक मोठा आक्षेप होता. उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या गावात राहणाऱ्याला हा भेद उलगडून सांगावा लागू नये. कळ ही पेटीची पट्टी. दांडी म्हणजे सारंगीची तार.

अर्थात प्रत्येक सोयीला तिची शिक्षा असते. १९९९ साली अमेरिकेत आलेल्या 'मारिओ पार्टी' या खेळात ती दांडी गरागरा फिरवावी लागे. मुले अंगठ्याऐवजी तळहाताने ती घासू लागली आणि हातांना फोड आले. तक्रारी न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांपर्यंत गेल्या आणि २००० साली कंपनीने मुलांसाठी हातमोजे देण्याचे मान्य केले. आमच्या शाळेतील मुलांना मात्र कंट्रोलर ही वस्तूच ठाऊक नाही. त्यांचा खेळ वडिलांच्या मोबाइलच्या काचेवर. काचेला ना भुजा, ना उंचवटा. अंगठा कोठे आहे ते पाहिल्यावाचून कळत नाही, आणि पाहावे तर तोच अंगठा निम्मा पडदा झाकून टाकतो. म्हणून २०११ सालच्या 'टेंपल रन'मध्ये धावणारा आपोआपच धावतो. मुलाने फक्त काचेवर बोट ओढून त्याला वळवायचे आणि उडवायचे. जी वस्तू हातात असेल, तिच्यापुरताच खेळ.

भाऊबीजेच्या रात्री पुतण्या आपल्या आवडीचा खेळ खेळत होता आणि आम्ही शेजारी बसून पाहत होतो. झेल्डाच्या मालिकेतलाच, पण २०१७ सालचा. हिरवीगार कुरणे, डोंगर, आणि त्यांतून तरवार घेऊन हिंडणारा लिंक नावाचा नायक.

"काका, हा आधी डावरा होता, माहीत आहे? माझ्यासारखा."

"मग?"

"मग त्याला उजवा केला."

आम्हांला ती मुलाची कल्पना वाटली. शोधून पाहिले तर अक्षरशः खरे निघाले. जुन्या खेळांतून लिंक बहुतेक डाव्या हातानेच तरवार चालवी. २००६ साली निन्टेन्डोने 'वी' नावाचे यंत्र काढले. त्याचा कंट्रोलर टीव्हीच्या रिमोटसारखा. तो हातात धरून हवेत झटकला की पडद्यावर तरवार चाले. बटणांना बुजणाऱ्या आजी-आजोबांनीही हे यंत्र हाती घेतले, इतके ते सोपे होते. पण एक अडचण आली. बहुतेक माणसे रिमोट उजव्या हाताने झटकणार आणि पडद्यावर नायक तरवार मारणार डाव्या हाताने! त्या वर्षीचा लिंकचा खेळ जवळजवळ तयार झालेला होता. तेव्हा रचनाकारांनी केवळ त्याचा हात बदलला नाही. आरशात धरावे तसे त्याचे सबंध जगच उलटे केले. पूर्वेचे डोंगर पश्चिमेस गेले, पश्चिमेची गावे पूर्वेस आली, आणि त्या उलट्या जगात लिंक उजवा झाला. त्याच खेळाची जुन्या यंत्रासाठी काढलेली प्रत होती तशीच राहिली. तीत तो डावराच आहे. पुढे २०११ सालच्या खेळात तो उजवाच राहिला आणि २०१७ च्या खेळात, जेथे तरवार झटकायची नसून उजव्या अंगठ्याखालच्या बटणाने चालवायची, तेथेही उजवाच.

"मग उलटं कशाला करायचं? तसाच चालला असता की," पुतण्या पडद्यावरून डोळे न काढता म्हणाला.

आम्ही काही बोललो नाही. आमची भाषाही या बाबतीत फारशी निर्दोष नाही. दोहोंत सरस ठरेल ते 'उजवे'. बाजूस सारायचे ते 'डावलायचे'. परंतु त्या रात्री झोप लागली नाही, ती शब्दांच्या विचाराने नव्हे.

१९९६ साली देवासजवळच्या एका खेड्यातील प्राथमिक शाळेत आमची पहिली नेमणूक झाली. टाटपट्टीवर तीस-पस्तीस मुले ओळीने मांडी घालून बसत. त्यांत सात वर्षांचा एक मुलगा होता. त्याची पाटी सदा फिसकटलेली असे आणि त्याच्या डावीकडे बसणाऱ्याची रोजची तक्रार असे की, हा ढोपर मारतो. मुलगा डावखुरा होता. आपली लिपी डावीकडून उजवीकडे चालते. डाव्या हाताने लिहिणाऱ्याचा तळहात लिहिलेल्या अक्षरांवरून फिरत जातो, आणि पाटीवरची अक्षरे तर जागच्या जागी पुसतात. त्याचा डावा कोपर शेजाऱ्याच्या उजव्या कोपरावर आदळे, तोही केवळ तो ओळीच्या मध्ये बसे म्हणून. त्याला ओळीच्या डाव्या टोकास बसविले असते, तर ती तक्रार त्याच दिवशी मिटली असती. हे आज सुचते. त्या वेळी आम्ही दोन्ही दोषांवर एकच उपाय काढला. पेन्सिल त्याच्या डाव्या हातातून काढून उजव्या हातात दिली आणि ती पुन्हा डाव्या हातात दिसली की पट्टी उगारली. उगारली, एवढेच लिहून येथे थांबता आले असते. पण ती कधी कधी बसलीही.

वर्षभरात तो उजव्या हाताने लिहू लागला. अक्षर आले ते किरटे आणि ओढाताणीचे. पूर्वी उत्तरे देणारा मुलगा हात वर करीनासा झाला; कोणता हात वर करावा, याचीच त्याला भीती वाटत असावी. आम्ही मात्र निरीक्षकांना ती पाटी अभिमानाने दाखविली.

तीन वर्षांपूर्वी तो आमच्या कचेरीत आला. आता इंदुरातच असतो, सुतारकाम करतो. मुलीला पहिलीत घालायचे होते. प्रवेशाच्या अर्जावर त्याने उजव्या हाताने, ओठ आवळून, सावकाश सही केली, आणि मग चहाचा पेला सहज डाव्या हाताने उचलला. मुलीने टेबलावरची पेन्सिल घेतली ती डाव्या हाताने. त्याने चटकन ती तिच्या उजव्या हातात दिली, आमच्याकडे पाहिले आणि हसून म्हणाला, "सर, ही सवय आपणच लावलेली." त्या हसण्यात उपरोधाचा लवलेशही नव्हता. आम्ही मान डोलावली. कबूल केले पाहिजे की, त्या दिवशी आम्हांला धन्य वाटले होते. घरी येऊन सौभाग्यवतींना सांगितलेही, की शिस्त दुसऱ्या पिढीपर्यंत कशी पोहोचते, ते आज पाहिले.

पाडव्याला आमचा डावा अंगठा तासाभरात रडकुंडीस आला होता, आणि घरचे सारे प्रेमाने हसत होते. सात वर्षांच्या मुलाने वर्षभर ते कसे सोसले असेल, आणि तेही कोणी हसून समजावत नसताना?

पुतण्या पुण्यास परतला त्याआधी त्याने आम्हांला आणखी एका कंट्रोलरचे चित्र दाखविले. मायक्रोसॉफ्टने २०१८ साली अपंग खेळाडूंसाठी काढलेला आहे. रुंद पांढरी पाटी, तिच्यावर दोन मोठ्या काळ्या चकत्या आणि मागे १९ खोबणी. ज्याचा जो अवयव चालतो, त्याच्यासाठी त्या खोबणीत हवे ते बटण जोडावे: कोपरासाठी, पायासाठी, हनुवटीसाठी. खेळ तोच राहतो. वस्तू माणसाकडे सरकते. आम्हांला तर पेन्सिलही बदलायची नव्हती. मुलाला फक्त टाटपट्टीच्या टोकाशी बसवायचे होते.

सुटीनंतर शाळा उघडली तेव्हा आम्ही वर्गावर्गांतून हिंडलो. डाव्या हाताने लिहिणारी पाच मुले सापडली; त्यांना बाकाच्या डाव्या टोकास बसवावे आणि वही थोडी तिरपी धरू द्यावी, एवढे शिक्षकांना सांगितले. त्याला ना मंजुरी लागली, ना निधी. सुताराची मुलगी आता चौथीत आहे. तिचे नाव त्या पाचांत नव्हते, कारण ती उजव्या हाताने लिहिते. तिला आम्ही फळ्यापाशी बोलावले, खडू टेबलाच्या मधोमध ठेवला आणि म्हणालो, "ज्या हाताने घ्यावासा वाटेल, त्या हाताने घे आणि आपले नाव लिही."

तिने आमच्याकडे पाहिले, मग बाईंकडे पाहिले. डावा हात पुढे आला, अर्ध्यावर थांबला, आणि काही होत नाही असे पाहून त्याने खडू उचलला. अक्षरे मोठी, वेडीवाकडी आली, पहिलीतल्या मुलाची यावीत तशी. शिरोरेघ तर अक्षरांना सोडून वरच गेली. तिने लाजून डस्टर हाती घेतले. आम्ही म्हणालो, राहू दे. ते नाव शाळा सुटेपर्यंत फळ्यावर होते.

तिचे वडील पुढल्या पालकसभेला येतील. त्यांना काय सांगावे, याची जुळवाजुळव गेले कित्येक दिवस चालली आहे. वाक्य काही मनासारखे जमत नाही. हजेरीच्या वहीवर सही घ्यावी लागेल, तेव्हा पेन त्यांच्या उजव्या हातात न देता टेबलाच्या मधोमध ठेवायचे, इतके मात्र ठरले आहे.